सोडलेल्या जागेचं फळ

फलत्यागाचा उपदेश आपण नेहमी चुकीच्या माणसाला करतो. नापास झालेला मुलगा, बढती हुकलेला कारकून, कापसाला भाव न मिळालेला शेतकरी. ज्याच्या हाती फळ आलंच नाही, त्यानं सोडायचं तरी काय? यंदा आखाजीला माहेरी जळगावला गेले, तेव्हा हा उपदेश ऐकायला अगदी योग्य माणूस घरातच सापडला. माझ्या भाचीला एमबीएसाठी दोन फळं मिळाली होती, अहमदाबाद आणि कलकत्ता.

दोन्ही आयआयएम 1961 च्या. कलकत्त्याची नोव्हेंबरातली, अहमदाबादची डिसेंबरातली. उभारणीच्या काळात अहमदाबादनं हार्वर्डचा हात धरला, कलकत्त्यानं एमआयटीचा. म्हणून एकीकडे केस सोडवण्यावर जोर, दुसरीकडे आकडेमोडीवर, असं भाची सांगत होती. फी दोन्हीकडे पाव कोटीच्या घरात. फार कशाला, अहमदाबाद-हावडा एक्स्प्रेस जळगावला थांबते, म्हणजे दोन्ही कॉलेजं एकाच गाडीच्या दोन टोकांना! माझा भाऊ डाळमिल चालवतो. त्यानं वहीत दोन रकाने आखले होते, पण बेरीज कशीही मांडली तरी बरोबरीतच सुटत होती. शेवटी वही मिटून म्हणाला, "आते काय करानं व, बाई?" मी धुळ्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं म्हणून हा मान. तुरीच्या खरेदीबद्दल त्यानं मला आजवर काही विचारलेलं नाही.

वहिनीनं आमरस वाढता वाढता गीता काढली, "फळाची चिंता करू नको, कुठेही जा." थोरल्या काकांचं म्हणणं, धुळ्याला जाऊन एकवीरादेवीपुढे चिठ्ठ्या टाका. चिठ्ठीला माझा विरोध नाही. कारणं संपली की चिठ्ठी प्रामाणिकच असते. पण बहुतेक वेळा आपण चिठ्ठी टाकतो ती उद्याचा पस्तावा देवीच्या खात्यावर मांडता यावा म्हणून. ते मला पटत नाही.

धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबांनी दर रविवारी एक अशी गीतेवर अठरा प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्यात विनोबा सांगतात की स्वधर्म शोधत हिंडावं लागत नाही, तो आईबापांसारखा आपल्या वाट्याला आलेलाच असतो. वर्गात इथवर आले की एखादा तरी विद्यार्थी हात वर करायचाच. जे वाट्याला आलेलं नाही, निवडायचंच आहे, तिथे काय? अर्जुनापुढे दोन वाटा होत्या खऱ्या, पण त्यातली एक पळून जाण्याची होती. भाचीचा प्रश्न पुरणपोळी दुधाशी खावी की आमरसाशी, अशा जातीचा. इथे चुकीचं काही नाहीच. मग पोरीची झोप का उडाली?

रात्री गच्चीवर तिनंच सांगितलं. "आत्या, कलकत्त्याला गेले आणि पाच वर्षांनी अहमदाबादवाले पुढे दिसले तर?" म्हणजे भीती मिळणाऱ्या फळाची नव्हती. जे कर्म ती करणारच नाही, त्याचं फळ तिला आधीच दिसत होतं. फलत्यागाचा हा कोपरा आपण कधी झाडत नाही. केलेल्या कर्माचं फळ निदान आंबट निघतं, नासतं, संपतं. न केलेल्या कर्माचं फळ कायम ताजं. ज्या कॉलेजात आपण गेलो तिथली मेस बेचव असते, एखादा प्राध्यापक कंटाळवाणा असतो. जिथे गेलोच नाही, तिथे सगळं उत्तम. निष्काम कर्म कोणती वाट धरायची ते सांगत नाही, हे खरं. पण वाट धरल्यावर दुसरीचं फळ पदराला बांधून चालू नकोस, एवढं तर त्यातून निघतंच. मी तिला तेवढंच म्हटलं.

भाऊ म्हणाला, तत्त्वज्ञान ज्याचं पोट भरलंय त्याला सुचतं. सुचू दे की. अमळनेरला प्रताप शेठजींनी कापडगिरणीही चालवली आणि 1916 साली तत्त्वज्ञान मंदिरही उभं केलं. गिरणी की वेदान्त, असे रकाने त्यांनी आखले नाहीत.

सकाळी भावानं व्यापारी तोड काढली. दोन्हीकडे पैसे भरून जागा धरून ठेवायच्या आणि शेवटच्या दिवशी एक सोडायची. बाजारात याला शहाणपण म्हणतात, मला तो साधा परिग्रह वाटतो. आपण धरून ठेवलेली जागा हवेत लटकत नसते. वेटिंग लिस्टवरचं कुणीतरी पोर तेवढे दिवस मोबाइलकडे डोळे लावून बसलेलं असतं. फळ सोडलं की ते कुठे जातं, हे गीतेच्या वर्गात मला कधी दाखवता आलं नव्हतं. इथे ते सरळ दिसत होतं.

भाचीनं कलकत्ता धरलं. कारण विचारलं तर म्हणाली, गणित आवडतं. रकान्यांमधल्या बरोबरीवर मात करायला तेवढं पुरे आहे. जेवणाआधीच तिनं अहमदाबादला नकाराचा ईमेल पाठवून दिला. भाऊ थोडा वेळ गप्प बसला, मग विचारलं, "आता ती जागा कोणाला मिळेल?"

"वेटिंगवरच्या कुणाला तरी."

"आपल्या खान्देशातल्याला मिळाली तर बरं," भाऊ म्हणाला आणि मिलमध्ये निघून गेला.