भग्न मूर्ती आणि खणलेला डोंगर
भंगलेली मूर्ती शास्त्राने पूजेस अपात्र ठरवली असली, तरी स्वयंभू लिंगाला, म्हणजे मानवी हाताने न घडलेल्या लिंगाला, तो नियम तितका काटेकोरपणे लागू होत नाही. गडचिरोलीत वैनगंगेकाठच्या मार्कंडादेव मंदिरसमूहाची बरीच पडझड झाली, तरी शिवाच्या कृपेने मृत्यूला परतवणाऱ्या मार्कंडेय ऋषीच्या या स्थानी महाशिवरात्रीला यात्रा भरतेच. जीर्णोद्धार, म्हणजे झिजलेल्याची विधिपूर्वक पुनर्घडण, येथे निदान शक्य आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचा प्रश्न याहून कठीण आणि अधिक वेदनादायक आहे: माडिया गोंड आदिवासी ज्या डोंगरावर ठाकूरदेवाला पूजतात, तेथूनच यंत्रांनी लोहखनिज काढले जाते, आणि मूर्तीऐवजी डोंगरच जेथे देवाचे ठाणे आहे, तेथे जीर्णोद्धाराचा कोणताही विधी पुरा पडू शकत नाही.