केंद्रस्थानी कोण?

मागच्या महिन्यात आईचा फोन आला. "अरे, त्या ॲपचे दर महिन्याला १९९ रुपये कापले जातायत. बंद कुठून करायचं तेच सापडत नाही. मलाच जमत नाही बहुतेक." मी अंदाजानंच रस्ता सांगत गेलो: प्रोफाइल उघड, अगदी खाली जा, 'मदत' दाब, 'का जाताय?'ला काहीही उत्तर दे, मग करड्या अक्षरांतलं 'तरीही रद्द करा'. "तुला कसं रे माहीत?" तिनं विचारलं. मी विषय बदलला. ते ॲप मी कधी वापरलं नव्हतं. पण आधीच्या नोकरीत असाच एक रस्ता मी स्वतः बांधला होता.

तिथे आम्ही ए/बी चाचणी घेतली होती. निम्म्या लोकांना 'रद्द करा' हे बटण ठळक दाखवलं, निम्म्यांना फिकट. फिकट बटणवाल्यांत सोडून जाणारे कमी निघाले. मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं. आपण कुणाला फसवतोय, असं तेव्हा एकदाही मनात आलं नाही. स्लाइडवर तर 'युजर केंद्रस्थानी' असंच लिहिलं होतं.

हा शब्दप्रयोग रुळला तो डॉन नॉर्मन या संशोधकामुळे. १९८६ साली स्टीफन ड्रेपरसोबत त्यानं संपादित केलेल्या पुस्तकाच्या नावातच तो होता. नॉर्मनचं म्हणणं साधं आहे: दार ढकलायचं की ओढायचं हे कळलं नाही, तर दोष माणसाचा नाही, दाराचा. या न्यायानं आईचं काहीच चुकलं नव्हतं. पण इथे दाराचंही चुकलं नव्हतं. ते सहज उघडू नये म्हणूनच तसं बसवलं होतं. शिकाऱ्याच्या नजरेतही केंद्रस्थानी हरिणच असतं.

हॅरी ब्रिग्नल या डिझायनरनं २०१० मध्ये अशा युक्त्यांना 'डार्क पॅटर्न' हे नाव दिलं. २०१९ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह सुमारे ११,००० शॉपिंग वेबसाइट तपासल्या, तेव्हा त्यांची १,८१८ उदाहरणं सापडली. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. सबस्क्रिप्शनचा सापळा त्यात आहेच. म्हणजे नाव आहे, पुरावा आहे, नियमही आहे. तरी बटण फिकट करणारी ओळ शेवटी कुणीतरी टाइप करतंच.

"मी नाही लिहिली तर दुसरा लिहील," असं आम्ही म्हणतो. ते खरंही आहे. पण त्यावरून एवढंच ठरतं की बटण फिकट होणारच होतं. ते माझ्याच हातून का व्हावं, याचं उत्तर त्यात नाही. दुसरा बचाव असा, की लोकांनी चालू ठेवलं म्हणजे त्यांना ते हवं होतं. लोकांनी काय केलं ते डेटा सांगतो, त्यांना काय करायचं होतं ते नाही. आमच्या आलेखात आई 'टिकून राहिलेली ग्राहक' म्हणून मोजली गेली असती.

मग पटवणं आणि फसवणं यांत रेघ कुठे ओढायची? भाजीवालाही ताजे टोमॅटो वर रचतो. पण गिऱ्हाईक हात घालून खालचे बघू शकतं, आणि उद्या त्याच गिऱ्हाइकाला त्याला तोंड दाखवायचं असतं. मला कुणालाच तोंड दाखवावं लागत नव्हतं. म्हणून आता कोड लिहिताना एकच प्रश्न विचारतो: हे असं का केलंय, ते वापरणाऱ्याला समोर बसवून सांगता येईल का?

चार दिवसांनी मीच आईला फोन केला. "तुझं काही चुकलं नव्हतं. ते मुद्दामच तसं केलेलं असतं." "कोण करतं असं?" मी सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आता नको करूस."