छापा, काटा आणि कचरा

शितावरून भाताची परीक्षा करणारी बाई हीच जगातली पहिली संख्याशास्त्रज्ञ, असे माझे जुने मत आहे. पातेल्यातला प्रत्येक दाणा चेपत बसायचे नाही. पळीने तळापासून ढवळायचे, एक शीत उचलायचे आणि निकाल द्यायचा. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेल्या डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी हीच विद्या पिकांच्या अंदाजाला लावली आणि जगभर नाव मिळवले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कलकत्त्यात भारतीय सांख्यिकी संस्था काढली आणि १९५० साली त्यांच्याच पुढाकाराने देशभरची नमुना पाहणी सुरू झाली. म्हणजे अख्खा देश पातेल्यात, आणि पळी सरकारच्या हातात!

पण भाताचा एक मोठा गुण आहे. भात खोटे बोलत नाही. कच्चे शीत बोटाखाली आले की ‘मी शिजलोय हो, बाजूच्याला विचारा’ असे काही म्हणत नाही. माणसाच्या बाबतीत ही सोय नाही, हे आमच्या बिल्डिंगला नववीतल्या तीन मुलांनी दाखवून दिले.

गणिताच्या सरांनी त्यांना प्रकल्प दिला होता. एक प्रश्न ठरवा, साठ घरांत विचारा, ताळ्याच्या खुणा करा, आलेख काढा. आमच्या बिल्डिंगीत घरे बरोबर साठ. मुलांनी प्रश्न काढला : ‘तुम्ही ओला आणि सुका कचरा रोज वेगळा करता का?’ उत्तर हो किंवा नाही. २०१६ च्या नियमांनी हे काम घरातच करायला सांगितलेले असल्याने प्रश्नाला कायद्याचेही वजन होते.

निकाल लागला. एकोणसाठ घरे ‘हो’, एक घर ‘नाही’. वृत्तालेख काढला तर तो वाटोळ्या पोळीसारखा दिसत होता, आणि ‘नाही’चा भाग म्हणजे पोळीचा उंदराने कुरतडलेला कोपरा. हे घर तळमजल्यावरच्या आजोबांचे. ते म्हणाले होते, ‘‘नाही बुवा करत. डोळ्यांना नीट दिसत नाही, आणि कंटाळाही येतो.’’ मुलांनी भाबडेपणाने तक्ता घरांच्या नंबरांसकट नोटीस बोर्डावर लावला. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरीसाहेबांचे ताकीदपत्र आजोबांच्या दारात! साठ घरांत खरे बोलल्याबद्दल शिक्षा झालेला हा एकच माणूस.

मुले रडवेली होऊन सरांकडे गेली. सर शहाणे असावेत. त्यांनी आधी १९३६ सालची अमेरिकेतली गोष्ट सांगितली. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने निवडणुकीआधी सुमारे एक कोटी पत्रे पाठवली, वीस लाखांहून अधिक उत्तरे गोळा केली आणि लँडन जिंकणार म्हणून जाहीर केले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्रे पाठवायला नावे घेतली होती मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून. मंदीच्या त्या दिवसांत ज्याच्याकडे फोन नाही आणि मोटार नाही, त्याला कोण विचारतो! शिवाय उत्तर धाडण्याची तसदी घेणारेही थोडेच. वरवरचा थर उचलला आणि पातेले शिजले म्हणून सांगितले.

मग सरांनी दुसरी युक्ती सांगितली. स्टॅन्ली वॉर्नर नावाच्या संशोधकाने १९६५ साली आडवळणाने विचारण्याची एक पद्धत मांडली होती. तिचाच हा सोपा अवतार. उत्तर देणाऱ्याने गुपचूप नाणे उडवायचे. छापा पडला तर काहीही असो, ‘नाही’ म्हणायचे. काटा पडला तर खरे सांगायचे. आता ‘नाही’ म्हणणारा आळशी आहे की नुसता छाप्याचा ताबेदार, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

मुले पुन्हा आली. नाणे आमचेच, उडवायचे आम्हीच, मुले पाठ करून उभी. पण हल्ली घरात सुटा रुपया असतो कुठे? भाजीवालीसुद्धा मोबाइलवर पैसे घेते. शेवटी आमच्या सौ.ने देवघरातल्या सुपारीशेजारचा रुपया आणला. त्या रुपयासमोर खोटे बोलायची सोय नव्हती. आमचे उत्तर काय होते, ते मात्र विचारू नका. पद्धतच तशी आहे.

या खेपेला ‘नाही’ आले पंचेचाळीस. मुलांनी हिशेब मांडला. साठ नाण्यांत अदमासे तीस छापे, म्हणजे तीस ‘नाही’ नाण्याचे. उरलेले पंधरा ‘नाही’ काटा पडलेल्या तीस घरांतले, म्हणजे निम्मे. छापे नेमके तीसच पडले असतील असे नाही, म्हणून हा अंदाज. पण एकोणसाठ ‘हो’ आणि निम्मी बिल्डिंग यांत केवढे अंतर!

सेक्रेटरीसाहेब खवळले. ‘‘निम्मी म्हणजे कोण कोण? नावं द्या!’’ मुले म्हणाली, ‘‘काका, आम्हालाच माहीत नाहीत. आणि नावं विचारली असती तर आकडा मिळाला नसता.’’

आता प्रश्न असा, की आडोशाला उभे राहून सांगितलेले खरे हे खरे बोलणे म्हणायचे का? त्यात धैर्य कुठले आले? साहेबांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. नाव नसले की दोषी सुटतो. पण मला वाटते, खरे बोलण्याला किंमत पडते आणि ती कोणी मोजायची हा खरा वाद आहे. पहिल्या वेळी सगळे बिल आजोबांच्या नावावर फाडले गेले. दुसऱ्या वेळी साठ घरांनी ते वाटून घेतले. जिथे खरे बोलणाऱ्याच्याच दारात ताकीद येते, तिथे बाकीच्यांना खोटारडे म्हणण्याआधी ताकीद लिहिणाऱ्याने जरा आरशात पाहावे.

आणि एक माणूस राहूनच गेले होते. कचरा न्यायला येणाऱ्या मावशी. साठ घरांचे डबे रोज हाताने निवडणारी ही बाई साठांच्या यादीत कुठेच नव्हती. तिचा फ्लॅट नाही ना! मुलांच्या हे उशिरा, पण आपले आपण लक्षात आले. त्यांनी विचारले तेव्हा मावशींनी बोटाला बांधलेली चिंधी दाखवली. कुणीतरी फुटका ग्लास भाताच्या खरकट्यात टाकला होता. ‘‘कोणी ते ठाऊक आहे. पण नाव कशाला घेऊ? उद्या परत त्याच दारात उभं राहायचंय.’’

म्हणजे आडोसा आम्हाला मिळाला, तिला नाही. तिच्या हातात कुणी नाणे दिले नव्हते.

मुलांनी नवा तक्ता लावला. त्यात घरांचे नंबर नाहीत. वर ‘अंदाजे निम्मी घरे’, आणि खाली एकच ओळ : ‘काच वेगळी कागदात गुंडाळून द्यावी, मावशींचा हात कापतो.’ त्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानातले हिरवे डबे संपले. अर्थात यावरून काही सिद्ध होत नाही. नमुना एकाच दुकानाचा आहे. पण मावशींच्या बोटावर नवी चिंधी दिसते का, एवढे मी रोज सकाळी जिन्यात पाहतो.