सेनियोच्या बांधावरून

इटलीच्या रोमान्या प्रांतात सेनियो नावाची एक छोटी नदी आहे. आपेनाइन डोंगरात ती उगम पावते, द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांतून खाली उतरते, कास्तेल बोलोन्येजेपाशी सपाटीला लागते आणि पुढे कोतिन्योला, लुगो, फुझिन्यानो, अल्फोन्सिने अशा गावांच्या शेजारून वाहत रेनो नदीला मिळते. सपाटीवर आली की तिला मोकळं वाहू दिलं जात नाही. दोन्ही काठांना मातीचे बांध, काही ठिकाणी वीस फुटांहून उंच. बांधाच्या माथ्यावर एखादा ट्रॅक्टर जाईल एवढीच वाट असते. कुठे खडी, कुठे दाबून बसवलेली माती, कुठे नुसतंच गवत. मोटारी खालच्या डांबरी रस्त्याने जातात. वर सायकल, पायी फिरणारे आणि वारा.

अलीकडे युरोपभर ज्या ग्रॅव्हल बाइकचं वेड पसरलं आहे, ती अशाच वाटांसाठी घडली. दिसायला शर्यतीची सायकल, पण टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास जाड आणि त्यात हवा बेताची, म्हणजे खडीचे धक्के मनगटापर्यंत पोचेतो निम्मे विरतात. वेग फारसा मिळत नाही. त्या बदल्यात आजूबाजूला काय चाललं आहे ते दिसतं, आणि ऐकूही येतं.

इथे पहिल्यांदा जे दिसतं त्याने माणूस थबकतो. पावसाळी दिवसांत बांधाच्या एका अंगाला गढूळ पाणी असतं आणि दुसऱ्या अंगाला खाली पीचच्या बागा, वेलींच्या रांगा, शेतघरांची कौलं. नीट निरखलं तर कळतं की नदी शेतांपेक्षा उंचावरून वाहते आहे. याला कारण माणूसच. डोंगरातून येणारा गाळ पूर्वी पुराबरोबर साऱ्या मैदानावर पसरायचा. शेतं आणि गावं वाचवायला बांध घातले तेव्हा तोच गाळ पात्रात साचू लागला. पात्र वर आलं म्हणून बांध उंच केले, बांध उंच झाले म्हणून पात्र आणखी वर आलं. शतकानुशतकं हेच चालू आहे. आपण ज्या वाटेवरून निवांत सायकल चालवतो ती या झटापटीत तयार झालेली राखणदाराची वाट आहे. बांधाला कुठे भेग गेली आहे, कुठे साळिंदराने किंवा बिज्जूने बीळ केलं आहे, हे बघत फिरायला माणूस लागतो, आणि माणसाला वाट लागते. एवढं अवाढव्य मातीकाम ढासळायला एखादं बीळही पुरतं. पाणी आत शिरलं की आतून माती खचत जाते.

त्या बांधांचा आणि आपला एक धागा आहे. 1944–45 च्या हिवाळ्यात जर्मन फौजा सेनियोच्या काठी पाय रोवून बसल्या होत्या. बांधाच्या पोटात खोदलेली मोर्च्याची बिळं, उतारावर सुरुंग, मधे थंडगार पाणी. 9 एप्रिल 1945 रोजी आठव्या भारतीय डिव्हिजनने ही नदी ओलांडली. पहिल्या मराठा बटालियनमधले शिपाई नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमज गावचे, कंपनीचे निरोप्ये होते. त्यांच्यासोबतची तुकडी पूर्वेकडच्या बांधावर चाल करताना जवळजवळ गारद झाली. जाधवांनी दोन जखमी सोबत्यांना भर गोळीबारात खोल पाण्यातून, उभ्या चढावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणलं. मग परत जाऊन शत्रूची तीन मशीनगन ठाणी निकामी केली, आणि शेवटी बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठा युद्धघोष करत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच दिवशी, त्याच नदीवर, फ्रंटियर फोर्स रायफल्सचे अली हैदर यांनाही.

ज्या माथ्यावर जाधव उभे राहिले त्याच माथ्यावर आज सायकली फिरतात. अल्फोन्सिनेत या लढाईचं संग्रहालय आहे. बांधावरून जाणाऱ्या मराठी माणसाने ते चुकवू नये असं मला मनापासून वाटतं. उतार किती उभा आहे हे सायकलवरून उतरून एकदा पायांनी चढून बघावं. भिजलेल्या लोकरी कपड्यांत, खांद्यावर माणूस घेऊन तो चढणं म्हणजे काय, याचा थोडा तरी अंदाज त्यावरून येतो. पुस्तकातल्या चार ओळींनी तो येत नाही.

नदीच्या उलट दिशेने, डोंगराकडे निघालं की कास्तेल बोलोन्येजेनंतर जमीन उठायला लागते. रिओलो तेर्मेच्या आसपास टेकड्यांवर सांजोवेझे आणि आल्बाना या द्राक्षांच्या रांगा आहेत, आणि त्यांच्यामागे जिप्समची करडी, चमकती धार आडवी पसरलेली दिसते. इथल्या वाटा बांधावरच्यासारख्या सरळ नाहीत. मळ्याच्या कडेने वर चढतात, शेतघराच्या अंगणाशी संपल्यासारख्या वाटतात आणि मग कोठाराला वळसा घालून पुन्हा सुरू होतात. अशी वाट घरोघर का जाते, हे कळायला इथली जुनी शेती ठाऊक हवी. रोमान्यात आणि डोंगरापलीकडच्या तोस्कानात शतकानुशतकं अर्धेलीची शेती होती. जमीन मालकाची, घाम कुळाचा, पीक निम्मं-निम्मं. कूळ आपल्या वाट्याच्या तुकड्यावरच राही, त्यामुळे घरं गावात एकवटली नाहीत, टेकड्यांवर विखुरली. आणि मालकाचा वाटा बैलगाडीने वाड्यावर पोचवायला प्रत्येक घरापर्यंत रस्ता आला. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळं कारखान्यांकडे निघून गेली. 1964 च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले. घरं रिकामी पडली, रस्ते मात्र राहिले.

तोस्कानातल्या पांढऱ्या खडीच्या रस्त्यांच्या शांततेचं गुणगान पर्यटनाच्या पुस्तिकांत वाचतो तेव्हा हे आठवतं. ती शांतता बरीचशी माणसं निघून गेल्याची आहे. सिएनाच्या नगरभवनात आंब्रोज्यो लोरेन्झेत्तीने 1338–39 मध्ये रंगवलेल्या भिंतीवर हाच मुलूख आहे. नगराच्या वेशीतून रस्ता बाहेर पडतो, त्यावर लादलेली जनावरं, घोड्यावरचे शिकारी, पाठीवर पांढरा पट्टा असलेलं डुक्कर हाकत नेणारा शेतकरी. बाजूला द्राक्षमळे, आणि वर हवेत सुरक्षिततेची मूर्ती. त्या चित्रकाराला चांगल्या कारभाराची खूण म्हणून गजबजलेला रस्ता दिसला. आपल्याला आज रिकामा रस्ता हवासा वाटतो. आपल्या शहरांनी आपल्याला इतकं थकवलं आहे.

तरीही हे रस्ते टिकले याचं श्रेय सायकलस्वारांना द्यायला हवं. 1997 मध्ये जानकार्लो ब्रोची यांनी कियांतीतल्या गायोले गावी ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी सुरू केली, त्यामागे पांढऱ्या रस्त्यांवर डांबर पडू नये ही तळमळ होती. दहा वर्षांनी त्याच वाटांवर व्यावसायिक शर्यत आली, आणि ज्या धुळीची गावकऱ्यांना लाज वाटायची ती धूळ जगभर टीव्हीवर दिसू लागली. पण खडीचा रस्ता एकदा करून विसरता येत नाही. दर पावसाने चर पडतात, कडेचे ओहोळ तुंबतात. ट्रॅक्टर जात राहिला, द्राक्षतोडीला माणसं येत राहिली, तर कोणीतरी चर बुजवतं. नुसत्या हौशी चाकांसाठी किती काळ बुजवेल, याबद्दल मला शंका आहे. म्हणून अशा वाटेवर समोरून औषध फवारणीचं यंत्र लावलेला ट्रॅक्टर आला की मी उतरून वेलींच्या बाजूला उभा राहतो. रस्ता आधी त्याचा आहे.

नदीचे बांधही एकदा घालून विसरता येत नाहीत. मे 2023 मध्ये सेनियो आणि तिच्या शेजारच्या नद्यांनी बांध फोडले. कास्तेल बोलोन्येजे, लुगो, कोन्सेलिचे पाण्याखाली गेली. एमिलिया-रोमान्यात त्या महिन्यात सतरा माणसं दगावली. सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा पूर आला, त्यात शेजारच्या लामोने नदीने त्राव्हेरसाराजवळ बांध फोडून घरांची पडझड केली. तेव्हापासून बांधांच्या डागडुजीची कामं निघाली आहेत. जिथे काम चालू असेल तिथे आडवा खांब आणि फलक लागतो, पलीकडे पोकलेन माती रचत असतो, आणि सायकलवाल्याला उतारावरून खाली येऊन डांबरी रस्त्याने, ट्रकांच्या शेजारून, पुढचे काही किलोमीटर काढावे लागतात. त्यावर कुरकुर करू नये. पोकलेनच्या उजव्या हाताला, बांधाच्या पायथ्याशी, पीचची बाग आहे आणि बागेत कोणीतरी राहतं.