सर्वगुणसंपन्न रिव्हॉल्व्हर

आमच्या मेहुण्यांना रिव्हॉल्व्हर घ्यायचं आहे. साधंसुधं नव्हे, मॅग्नम. आणि मॅग्नममधलंही कुठलंही नव्हे, तर 'ऑल-राउंड'. म्हणजे चोराला चालेल, बिबट्याला चालेल आणि रविवारी सकाळी डबे मांडून नेम धरायलाही चालेल असं.

हे मेहुणे म्हणजे आमच्या हिचे थोरले भाऊ. अख्खं घराणं त्यांना दादा म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. चाळीस वर्षं बँकेत लोकांना कर्ज नाकारून ते निवृत्त झाले आणि इगतपुरीच्या बाहेर, डोंगराच्या कुशीत बंगला बांधून राहिले. जागा सुरेख आहे. पण पावसाळ्यात धुकं असं उतरतं, की फाटकाशी उभा असलेला माणूस ओट्यावरून दिसत नाही. फाटक वाजलं म्हणजे दूधवाला आला की दरोडेखोर, हे सायकलच्या खडखडाटावरून ओळखायचं. दरोडेखोर सायकलवरून येत नाहीत, असा दादांचा ठाम समज आहे.

बँकेतला माणूस काही विकत घ्यायचं ठरवतो तेव्हा आधी वहीत रकाने आखतो. दादांनी आखले. नाव, वजन, ताकद, धक्का, किंमत, शेरा. मी गेलो की चहाच्या आधी वही समोर येते. त्यामुळे या विषयात मीसुद्धा आता इतका जाणकार झालोय, की एखाद्या लग्नात शेजारी मिलिटरीतला माणूस बसला तर वेळ बरा जातो.

उदाहरणार्थ, 'मॅग्नम' हे नाव मुळात दारूच्या बाटलीचं. दीड लिटरची शॅम्पेनची बाटली ती मॅग्नम. इंग्रज बंदूकवाल्यांनी ते नाव जास्त दारू ठासलेल्या मोठ्या काडतुसाला उचलून दिलं. दोन्हीकडे दारूच, त्यामुळे मराठीत तर ही उचलेगिरी फारच शोभते. रिव्हॉल्व्हरमध्ये हे नाव आलं १९३५ साली, '.३५७ मॅग्नम' म्हणून, स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीकडून. दादांचा जीव हिच्यावर. कारण हिच्यात तिच्या आधीच्या .३८ स्पेशलची मवाळ गोळीही चालते. सराव मवाळ गोळीवर करायचा, प्रसंगाला जहाल भरायची. एकाच घरात टिळक आणि गोखले नांदवण्यासारखं हे आहे. गंमत म्हणजे .३८ म्हणवणारी गोळी प्रत्यक्षात .३५७ इंचांचीच असते. मापात खोट काढायला ग्राहक काय फक्त कापडदुकानातच जातो? उलटा प्रकार मात्र जमत नाही. जहाल काडतूस मुद्दाम थोडं लांब ठेवलंय, ते जुन्या .३८ मध्ये बसतच नाही.

मग १९५५ साली आलं .४४ मॅग्नम. १९७१ च्या 'डर्टी हॅरी' या सिनेमात क्लिंट ईस्टवुडने ते हातात धरल्यापासून जगभरच्या मऊ मनगटांच्या पुरुषांना ते आपल्याला पेलेल असं वाटू लागलं. दादांना दह्याचं गाडगं एका हाताने उतरवता येत नाही. पण वहीत .४४ च्या रकान्यात 'विचाराधीन' असा शेरा आहे.

हे सगळं कागदावर. प्रत्यक्षात आपल्याकडे सामान्य माणसासाठी परदेशी हत्यारांची आयात १९८० च्या दशकातच बंद झाली. तेव्हा आधीची कुणाच्या तरी आजोबांची चीज लाखांच्या भावात घ्या, नाहीतर कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ घ्या. त्यातलं २०१४ साली निघालेलं हलकं रिव्हॉल्व्हर 'निर्भीक', अर्धा किलो वजनाचं. दिल्लीच्या 'निर्भया'च्या आठवणीत, बायकांच्या पर्समध्ये मावेल म्हणून काढलेलं. किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. ज्या मुलीच्या आठवणीत नाव ठेवलं, तिच्यासारखीला पर्सच काय, पर्स ठेवायचं घर गहाण टाकावं लागलं असतं. दादांनी शेरा मारला, 'मॅग्नम नाही.' आणि पान उलटलं.

मला पहिल्यापासून खुपत होता तो 'ऑल-राउंड' हा शब्द. रेल्वेसारख्या रेल्वेला इथे सर्वगुणसंपन्न इंजिन सापडलेलं नाही. थळ घाटात सदतिसाला एक असा चढ आहे, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागून जादा इंजिनं लावून ती इगतपुरीपर्यंत ढकलत आणतात. त्या मागच्या इंजिनांना 'बँकर' म्हणतात, हे मी दादांना मुद्दाम सांगितलं. बँकर माणसाला तो दाखला आवडला नाही. मग मी आपल्या जिल्ह्याच्याच देवीकडे वळलो. वणीची सप्तशृंगी. तिला अठरा हात. प्रत्येक कामाला वेगळं हत्यार. एकच शस्त्र सगळ्यांना पुरवायचा प्रश्न तिला पडलाच नाही.

"भावोजी, मला हात दोन आहेत," दादा म्हणाले.

"आणि एकात छत्री असते," वहिनी आतून म्हणाल्या.

पण खरा मुद्दा हातांचा नाही. सर्व प्रसंगांना चालेल असं हत्यार म्हणजे सर्व माणसांना चालेल असं हत्यार. रकान्यात सगळं होतं, फक्त पलीकडे कोण उभा आहे हे नव्हतं. नाशिकला पिस्तुलाचा इतिहास आहे. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेऱ्याने कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंग झाडलं. त्या पोराने सर्वसाधारण उपयोगाचं पिस्तूल मागितलं नव्हतं. माणूस आधी ठरला होता, आणि त्याची किंमतही. एप्रिल १९१० मध्ये ठाण्याला तो फासावर गेला. बरोबर की चूक यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा. पण कुणाला आणि कशासाठी, हे त्याला कुणी विचारलं असतं तर त्याच्यापाशी उत्तर होतं. दादांपाशी वही आहे.

महाभारतात तरी काय आहे? अर्जुनाला पक्ष्याचा फक्त डोळा दिसत होता, तोवर त्याचा हात स्थिर. कुरुक्षेत्रावर समोर माणसं दिसली, आजोबा, गुरू, मामा दिसले, आणि गांडीव गळालं. पुढे अठरा अध्याय लागले ते परत उचलायला. आणि दादा म्हणतात, मॅग्नमच्या घोड्याला बोटाचा दाब पुरतो.

हे मी बोलून दाखवलं तेव्हा दादा उखडले. आणि जे बोलले ते मला अजून पचलेलं नाही. म्हणाले, "तुम्ही पार्ल्यात तिसऱ्या मजल्यावर राहता. खाली वॉचमन, कोपऱ्यावर पोलीस चौकी. तुमच्या बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन म्हातारा बसतो, त्याच्यासमोरून तुम्ही रोज अहिंसेने आत जाता. बंदूक तुम्हीही बाळगता, भावोजी. फक्त दुसऱ्याच्या खांद्यावर. मी माझी स्वतः उचलायची म्हणतो, तर तुम्ही मला अर्जुन सांगता?"

यावर मी पोह्यांची स्तुती केली. दुसरं काय करणार? इगतपुरीत विपश्यनेचं धम्मगिरी आहे, गोएंकाजींनी १९७६ साली सुरू केलेलं. तिथे दहा दिवस मौन पाळून बसायचं, आणि सुरुवातीलाच शपथ, कुठलाही जीव मारणार नाही. त्यात डासही आला. मला त्या लोकांबद्दल मनापासून आदर आहे. पण धम्मगिरीला कुंपण आहे, आणि कुंपणाबाहेर एक देश आहे ज्याला पोलीस आहेत, हेही दादा विसरू देत नाहीत. डासांच्या बाबतीत मात्र दोघांपैकी कुणाचंच तत्त्वज्ञान बंगल्यावर टिकत नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं तिकडे होतो. पाऊस कोसळत होता, दिवे गेलेले. रात्री अकराच्या सुमाराला दार वाजलं. दादांनी विचारलं, "कोण आहे?" उत्तर नाही. पुन्हा थाप. "कोण आहे? बोला, नाहीतर..." या 'नाहीतर'च्या पुढे काय म्हणायचं, हे त्यांनाही माहीत नव्हतं. उत्तर नाहीच. तिसरी थाप जोरात बसली. दादांनी कोपऱ्यातली छत्री उचलली. मी बत्ता घेतला. त्या मेणबत्तीच्या उजेडात, खरं सांगतो, अर्जुन, अशोक, गांधी कुणीही मला आठवलं नाही. कुणी त्या क्षणी मॅग्नम दिलं असतं तर आधी धरायचं कुठून एवढंच मी विचारलं असतं.

वहिनींनी खिडकीची फट करून टॉर्च मारला. बाहेर डोक्यावर इरलं घेतलेली एक म्हातारी. पलीकडच्या पाड्यावरची, दोन्ही कानांनी ठार बहिरी. "आमची बकरी आली का वं इकडं?" बकरी ओसरीत दादांच्या आरामखुर्चीखाली कोरडी बसली होती.

वहिनींनी चहा ठेवला. म्हातारी चहा पिऊन, बकरी घेऊन गेली. दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी काही लगेच गोळी घातली नसती."

"नसती घातली," वहिनी म्हणाल्या. "पण छत्री हलत होती."

कायदा काय म्हणतो, तेही दादांच्या वहीत शेवटच्या पानावर आहे. स्वसंरक्षणाचा हक्क प्रत्येकाला आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करता कामा नये. जुन्या दंडसंहितेत हे होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्याय संहितेतही आहे. 'गरजेपेक्षा जास्त नको' म्हणणारा कायदा आणि 'जास्त' हेच ज्याचं नाव ते मॅग्नम, यांचं जमायचं कसं? चोराच्या आरपार गेलेली गोळी पातळ भिंत भेदते, आणि पलीकडे कोण झोपलंय याची चौकशी करत नाही. गरज किती, हे मेणबत्तीच्या उजेडात तीन सेकंदांत मोजायचं. ज्यांनी चाळीस वर्षं कर्जाच्या अर्जावर तीन-तीन महिने घेतले त्यांनी! बिबट्याचा रकाना तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेच खोडलाय. तरी मी एवढं म्हणेन, की पुढच्या वेळी दाराशी म्हातारीच असेल असं मलाही दादांना लिहून देता येणार नाही. त्या बाजूला बंगले फुटतात. एकटी राहणारी म्हातारी जोडपी आहेत. त्यांना अर्जुन सांगून झोप लागत नाही.

परवान्याचा अर्ज मात्र दादांनी आणला. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचा, कलेक्टर कचेरीचा. परवाना कशासाठी हवा, या प्रश्नापाशी त्यांचं पेन दोन दिवस थांबलं होतं. 'ऑल-राउंड' असं तिथे लिहिता येत नाही. शेवटी 'स्वसंरक्षण' लिहिलं आणि सहीला वहिनींकडे चष्मा मागितला.

हत्यार सुरक्षित, कुलपात ठेवण्याची व्यवस्था हवी, हे वाचल्यावर वहिनी पहिल्यांदा या प्रकरणात उत्साहाने पुढे आल्या. "परवाना तुमच्या नावावर असू दे. कपाटाची किल्ली माझ्याकडे."

"अहो, पण रात्री वेळ आली तर?"

"तर मला उठवा. कोण आलंय आणि कशाला हवंय ते सांगा. मी देते."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं. तेव्हापासून रिव्हॉल्व्हरची वही बंद आहे. सध्या ते किल्लीशिवाय, नुसत्या आकड्यांवर उघडणारी सर्वगुणसंपन्न तिजोरी कोणती याची माहिती काढताहेत. आकडा काय ठेवायचा, ते वहिनींनी आधीच ठरवलं आहे.