जोन वाइल्डरचा चाकू

कादंबरीची शेवटची ओळ टाइप झाली आहे आणि लेखिका ढसाढसा रडते आहे. कानांवर हेडफोन, केस कसेबसे वर बांधलेले, नाक वाहतंय. पुसायला घरात कागदी रुमाल उरलेले नाहीत. शेवटी ‘रुमाल आणायचे’ अशी स्वतःलाच लिहिलेली चिठ्ठी ती उपटते आणि तिच्यातच नाक शिंकरते. कादंबरी पूर्ण झाल्याचा आनंद साजरा करायला सोबत आहे ते मांजर. त्याचं नाव रोमिओ.

‘रोमान्सिंग द स्टोन’ हा १९८४ सालचा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर, एका खोलीत दाटीवाटीने बसून. या प्रसंगाला तेव्हा आम्ही सगळे खो खो हसलो होतो. परवा पुन्हा पाहिला, तेव्हा इथेच थांबले. जोन वाइल्डर एकटी आहे, पण ती त्यासाठी रडत नाहीये. जीव ओतून केलेलं काम आत्ता हातातून सुटलं, म्हणून रडते आहे. हे रडणं खरं आहे आणि कॅथलीन टर्नरने ते खरंच मानून केलं आहे. पुढचा सगळा सिनेमा त्यावर उभा आहे.

कथा सगळ्यांना ठाऊक असेल. न्यूयॉर्कमध्ये प्रेमकथा लिहिणारी जोन, कोलंबियात पळवून नेलेली तिची बहीण, टपालाने आलेला नकाशा, चुकीची बस, आणि भर जंगलात भेटलेला जॅक कोल्टन. हा पक्षी पकडून विकतो, त्याला स्वतःची बोट घ्यायची आहे, आणि तिला फोनपर्यंत पोचवायचेही तो ३७५ डॉलरचे ट्रॅव्हलर्स चेक घेतो. मायकेल डग्लसने ही भूमिका केली आणि निर्माताही तोच होता. इतकी वर्षं माझ्या डोक्यात या सिनेमाचा सारांश असा होता: घाबरट बाईला धाडसी पुरुष भेटतो आणि तिला जगायला शिकवतो. तिच्या उंच टाचांच्या बुटांवर तो कोयता चालवतो आणि टाचा उडवतो, तो प्रसंग तर या समजुतीचं चित्रच वाटायचा.

पण नीट पाहिलं तर हिशेब तसा लागत नाही. दरीवरच्या कुजक्या पुलावर आधी पाऊल टाकते ती जोन. फळी मोडते, वेल हाताशी येतो आणि ती झोका घेत पलीकडे पोचते. तिच्या मागून येणारा जॅक कड्यावर आपटतो.

मग येतं हुआनचं घर. मला आता हा सिनेमाचा गाभा वाटतो. एका आडगावात दोघं गाडी मागायला जातात. दार उघडतं तेच पिस्तूल रोखून. इथला मालक अमली पदार्थांचा व्यापारी, त्याची माणसं शस्त्रं घेऊन भोवती. आता संपलं असं वाटत असताना जॅकच्या तोंडून जोन वाइल्डर हे नाव निघतं आणि त्या माणसाचा चेहरा उजळतो. त्याने तिच्या सगळ्या कादंबऱ्या वाचल्या आहेत, आपल्या माणसांनाही तो त्या वाचून दाखवतो. आलफोन्सो आराऊ या मेक्सिकन नटाने हुआन असा केला आहे की त्याच्या आनंदात तसूभरही खोट वाटत नाही. न्यूयॉर्कमध्ये जिला कोणी ओळखत नाही, तिला या कोपऱ्यात वाचक भेटतो आणि तो तिचा जीव वाचवतो.

माझी मावशी वाचनालयातून चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या आणायची. दुपारची भांडी आवरली की दाराशी बसून वाचायची आणि कोणी आलं की पुस्तक उशीखाली जायचं. काकांच्या हातात बाबूराव अर्नाळकर असायचे, पण काकांना ते लपवावं लागत नसे. रहस्यकथा वाचणारा पुरुष वेळ घालवतो आणि प्रेमकथा वाचणारी बाई बिघडते, असा तो न्याय होता. घरातले मोठे त्या पुस्तकांना ‘हलकं वाचन’ म्हणत. मावशी त्यावर कधी काही बोलली नाही. हुआनचा प्रसंग पाहताना मला तिचीच आठवण झाली. तिला हा सिनेमा दाखवायला हवा होता.

सिनेमाची सुरुवात जोनच्या कादंबरीतल्या दृश्याने होते. नायिका अँजेलिना लपवलेला चाकू काढते, फेकते आणि खलनायक कोसळतो. शेवटी कार्ताहेनाच्या किल्ल्यात तिच्या मागावर असलेला झोलो जोनच्या अंगावर चालून येतो, तेव्हा तिच्या हातात चाकू येतो. ती आपल्याच नायिकेसारखा तो फेकते. झोलो लाकडाची फळी पुढे करतो आणि चाकू त्या फळीत रुततो.

कादंबरीतली युक्ती फसली. एखाद्या कोत्या मनाच्या लेखकाने हा प्रसंग इथेच संपवला असता: बघा, पुस्तकं वाचून, लिहून असं होतं. इथे मात्र जोन जॅकला हाका मारते आणि जॅक मगरीची शेपटी धरून बसलेला आहे, कारण ज्याच्यासाठी ही सगळी धावपळ, तो नकाशातला पाचूचा खडा त्या मगरीच्या पोटात गेला आहे. तो शेपटी सोडतो, भिंत चढू लागतो, पण पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. झोलोशी झुंजून जोनने स्वतःच त्याला मगरींच्या खड्ड्यात पाठवलेलं असतं. चाकू गेला, पण हार न मानण्याची सवय गेली नाही. ती सवय तिला लिहिण्याच्या टेबलाशीच लागली होती, असं मला वाटतं. इतकी वर्षं ती संकटात सापडलेल्या बाईच्या जागी रोज स्वतःला उभं करत होती.

हा सिनेमा लिहिणारी डायन थॉमस मालिबूमध्ये वेट्रेस होती. डग्लसने तिची पटकथा अडीच लाख डॉलरला घेतली ती १९७९ मध्ये. पुढे अनेकांनी या सिनेमाला इंडियाना जोन्सची नक्कल म्हटलं, पण तो पहिला इंडियाना जोन्स आला १९८१ मध्ये. दिग्दर्शक झेमेकिसचे आधीचे सिनेमे पडले होते. हा चालला आणि पुढच्याच वर्षी त्याचा ‘बॅक टू द फ्यूचर’ आला. थॉमसला मात्र पुढे फार काही पाहता आलं नाही. ऑक्टोबर १९८५ मध्ये ती मोटार अपघातात गेली. वय ३९. पटकथाकार म्हणून पडद्यावर आलेली तिची ही एकच गोष्ट.

एक गोष्ट मला आता खटकते आणि ती सांगायला हवी. या सिनेमातल्या कोलंबियात पोलीस, तस्कर आणि बंदूकधारी यांच्यापलीकडे माणसं जवळपास नाहीतच. चित्रीकरणही तिथे झालं नाही, मेक्सिकोत झालं. हुआन नसता तर तो सगळा देश नुसता धोक्याचा पडदा होऊन मागे लटकत राहिला असता. वाचक म्हणून दाखवलेला एक माणूस त्या देशाला चेहरा देतो, तोही अर्धामुर्धाच.

शेवटी जोन नवी कादंबरी लिहून प्रकाशिकेकडे देते. या वेळी हस्तलिखितावर रडते ती प्रकाशिका. जोन समोर शांत बसून आहे, डोळे कोरडे. प्रकाशिका तिला प्रेमवेडी ठरवते, पार हाताबाहेर गेलेली म्हणते, आणि जोन तिला दुरुस्त करते: आशा सोडलेली नव्हे, आशा धरून असलेली. मग ती घराकडे निघते. रस्त्याच्या मधोमध ट्रेलरवर शिडाची बोट उभी आहे आणि बोटीवर मगरीच्या कातड्याचे बूट घातलेला जॅक आहे, हे तिला अजून माहीत नाही. केस मोकळे सोडून ती नुसती चालते आहे. तेवढा भाग मी मागे नेऊन परत दोनदा पाहिला.