पोटातले आणि ओठांतले

दिवाळीच्या फराळाशी पोटाचा संबंध जवळचा. तेव्हा हा विषय काढल्याबद्दल वाचकांनी रागावू नये.

‘पोटात ठेवा’ असे आपण म्हणतो, कारण गुपिताला सर्वांत सुरक्षित जागा तीच असे आपण धरून चालतो. विज्ञानाने ती केव्हाच उघडी केली. १८६८ साली कुसमाऊल नावाच्या जर्मन डॉक्टरांनी तलवार गिळणाऱ्या एका खेळ्याच्या घशातून सरळ नळी उतरवून जठर पाहिले. १९५७ मध्ये हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंची लवचीक दुर्बीण आणली. आता तर दुर्बिणीच्या जोडीला सूक्ष्मदर्शकच आला आहे. शिरेतून चमकणारा रंग देऊन अस्तराच्या पेशी जागच्या जागी, सुमारे हजार पटींनी मोठ्या करून पाहता येतात. साध्या नजरेला सारखेच तांबूस दिसणारे तीन डाग; त्यांतला एक नुसता दाह, दुसऱ्यात जठराच्या अस्तराने आतड्याचे रूप घेतलेले, तिसरा कर्करोगाचा आरंभ. शेवटचा निकाल मात्र अजूनही तुकडा काढून तपासल्यावरच.

मी मॅट्रिक झालेला मास्तर. यंत्राविषयी अधिक बोलण्याचा मला अधिकार नाही. माझा प्रश्न निराळा आहे. ठाणे, डोंबिवली, कल्याण, कोठल्याही दवाखान्याच्या बाकावर बसा; अहवाल हाती येताच एखादा मुलगा हळूच विचारतो, ‘डॉक्टर, बाबांना सांगायलाच हवे का?’

या लपविण्यात माया आहे, हे मी नाकारीत नाही. पूर्वी हा रोग बहुधा अन्न उतरेनासे झाले, गाठ हाताला लागली, की कळे. उपाय फारसा नसे. न सांगणे हीच सेवा वाटे. आज मात्र वरच्या थरापुरता असलेला रोग पुष्कळदा दुर्बिणीतूनच सोलून काढता येतो. पण ज्याला काही सांगितलेच नाही, तो पुनःपुन्हा तपासणीला का येईल? तंबाखू का सोडील? यंत्राने मिळवून दिलेला वेळ आपली माया उधळून टाकते.

‘आणि त्या मधल्या डागाचे काय? तो आज कर्करोग नाही, उद्या होईलच असेही नाही. म्हाताऱ्याची झोप कशाला उडवायची?’ शंका खरी आहे. मग तेवढेच सांगावे. ‘अजून नक्की नाही’ हेही सत्यच आहे. आणि त्याआधी विचारावे, ‘बाबा, तुम्हांला किती ऐकायचे आहे?’ ते नको म्हणाले, तर तो नकार त्यांचा असेल. आपण त्यांच्या नावाने दिलेला नसेल.

पोट त्यांचे आहे. त्यातली गोष्टही आधी त्यांचीच.